हात हलवत चला!

जुलैतला रविवार. पाऊस असा, की समोरचा डोंगर मिनिटात गायब आणि मिनिटात परत हजर. आम्ही सहा जण पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, करून आंबिवलीकडे उतरत होतो. मी कर्जतचीच, त्यामुळे ठाण्या-पुण्याहून आलेल्या मित्रमैत्रिणींसमोर जरा भाव खात होते. ‘इकडून चला, तिकडे शेवाळ आहे’, ‘हा दगड हलतो बरं का’ वगैरे. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात मोबाईल आणि रील चालू.

मागून एक मावशी आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत रानभाजी, पायात साध्या स्लिपर. आमच्या हजारो रुपयांच्या ट्रेकिंग शूजना त्यांनी सहज मागे टाकलं. माझ्या बाजूने जाताना म्हणाल्या, “हात मोकळं सोड ना बाय. एवढं काय धरून ठेवलंस?” मी हसले. दहा पावलांनंतर माझा उजवा पाय सटकला.

पुढचं सगळं अर्ध्या सेकंदातलं आहे. माझ्या शरीराने काय केलं असेल, तर मोबाईल छातीशी घट्ट धरला! छत्री उलटी होऊन झुडपात गेली आणि मी उजव्या खांद्यावर आडवी. खांद्याच्या पुढे, गळ्याखाली ‘कट्’ असा आवाज आला. कॉलरबोन. मोबाईलला ओरखडाही नाही.

डॉक्टरांनी उजवा हात गळ्यात बांधून दिला. सहा आठवडे. हात पुढे टेकला असता तर काय झालं असतं, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मग कदाचित मनगट घेऊन आली असतीस. पण मुळात पडली असतीस का, हा प्रश्न आहे.” हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पाय सटकला, पडले. त्यात हातांचा काय संबंध?

संबंध दुसऱ्याच दिवशी कळायला लागला. एक हात गळ्यात बांधून कर्जत स्टेशनचा पूल चढून बघा. आपण चालतोय की कुणीतरी आपल्याला ढकलतंय, असं वाटतं. सरळ रस्त्यावरही धड उगाच डावी-उजवीकडे पिळल्यासारखं होतं, पाऊल जरा रुंद पडतं, जरा घाई केली की जास्तच. घरी बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी यावर वाचायला लागले.

आपल्या भाषेत ‘हात हलवत परत आला’ म्हणजे काहीच न मिळवता आला. रिकाम्या हातांची आपल्याला लाज वाटते. पाहुण्यांकडे जाताना हात हलवत जायचं नाही, बाजारातून हात हलवत यायचं नाही. ट्रेकला निघतानाही प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतंच. पाण्याची बाटली, चिप्सचं पाकीट, स्पीकर, छत्री आणि मोबाईल तर असतोच. चालणाऱ्या माणसाचे हात हलतात, ते मात्र रिकामटेकडे म्हणून नाही.

आत्ता वाचताय तिथेच उठून एक करून बघा. दोन्ही हात मांडीला चिकटवून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरभर चाला. कंबर आणि खांदे एकमेकांशी भांडतायत असं वाटेल. कारण सोपं आहे. उजवा पाय पुढे टाकला की त्याच्याबरोबर कमरेची उजवी बाजूही पुढे येते आणि सगळं शरीर डावीकडे वळायला बघतं. त्याच वेळी डावा हात पुढे येतो, उजवा मागे जातो आणि वरचं धड उलट्या दिशेला वळतं. दोन पीळ एकमेकांना खाऊन टाकतात, आपण नाकासमोर जातो. अमेरिकेतल्या हर्बर्ट एल्फ्टमन या संशोधकाने १९३९ मध्येच याचं गणित मांडलं होतं.

बरं, हे हात कोण हलवतं? आपण तर ‘आता डावा, आता उजवा’ असं म्हणत नाही. काही अंशी ते घड्याळाच्या लंबकासारखे आपोआप झुलतात. २००९ मध्ये स्टीव्हन कॉलिन्स, पीटर अ‍ॅडमझिक आणि आर्थर क्वो या तिघांनी माणसांना वेगवेगळ्या पद्धतीने चालायला लावून मोजमापं घेतली. हात हलवायला खांद्याला जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही. उलट हात मुद्दाम स्थिर धरले, तर चालायला १२ टक्के जास्त ऊर्जा लागते. आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा पुढे होता. हात थांबवले की पावलाला जमिनीवर जो पीळ द्यावा लागतो, तो ६३ टक्क्यांनी वाढतो.

सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर हे आपल्याला कळतही नाही. बूट जमिनीला धरून असतो, तो पीळ पचतो. पण जुलैतला शेवाळलेला कातळ आठवा. किंवा पावसाळा संपल्यावरचा घसारा, तोच तो बारीक खडीचा उतार, जिथे बूट ठेवला की खडीसकट खाली निघतो. तिथे पावलाखाली आधीच पकड कमी, त्यात आपणच हात बांधून पावलाला जास्त पिळायला लावतो. हा शेवटचा भाग प्रयोगशाळेतला नाही, माझा तर्क आहे. पण कॉलरबोन मोडून काढलेला तर्क आहे, त्यामुळे थोडा मान द्या!

त्याच संशोधनात एक गमतीची चालही तपासली होती. उजव्या पायाबरोबर उजवा हात, डाव्याबरोबर डावा. शाळेत १५ ऑगस्टच्या संचलनाच्या सरावाला किंवा एनसीसीच्या पहिल्या परेडला असा एक तरी मुलगा असतोच. सगळी रांग एकीकडे आणि हा एकीकडे. सर ओरडतात, तो अजून गोंधळतो, मग दोन्ही हात ताठ करून रोबोट होतो. आमच्या वर्गातला तो मुलगा परेड संपल्यावर खरंच दमलेला असायचा आणि आम्ही त्याला हसायचो. त्या चालीला नेहमीपेक्षा २६ टक्के जास्त ऊर्जा लागते. सॉरी रे बाबा.

आता मला वाटलं, उत्तर सापडलं. हात हलतात म्हणून तोल राहतो, हात बांधले की तोल जातो. मैत्रिणीला फोन करून तसं ठामपणे सांगूनही टाकलं. मग पुढचं वाचलं आणि माझं ज्ञान जागच्या जागी आडवं झालं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात सिओर्ड ब्रौन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. माणसांना हात हलवत आणि हात न हलवता चालवलं, मध्येच अचानक ओढून त्यांचा तोल घालवला आणि ती कशी सावरतात ते मोजलं. नुसतं सरळ चालत असताना, हात हलोत न हलोत, तोलात फारसा फरक नव्हता. एवढंच नाही, तर धक्का बसल्याच्या पहिल्या क्षणी हात न हलवणारा माणूस किंचित जास्त घट्ट उभा होता. फरक पडला तो त्यानंतर. धक्का बसून गेल्यावर पुन्हा ताळ्यावर येताना. तिथे मोकळे हात असलेल्यांनी हात फेकले आणि शरीर जागेवर आणलं, बांधलेल्यांना ते तितकं जमलं नाही.

म्हणजे नेहमीच्या चालण्यात हातांचं काम शरीराचा पीळ काढायचं आणि दमणूक वाचवायचं. तोल सांभाळायचं काम त्यांच्याकडे येतं ते पाय सटकल्यावर. मी हे आजोबांना समजावून सांगत होते. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना जगातली कुठलीही गोष्ट रेल्वेच्या भाषेतच पटते. ते म्हणाले, “म्हणजे बँकर की गं.” कर्जतकरांना हे सांगायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, ती बोरघाट चढवून देतात. मुंबईपासून कर्जतपर्यंत त्यांची गरज नसते. घाट लागला की मात्र त्यांच्याशिवाय गाडी हलत नाही. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

त्याच विद्यापीठातल्या आणखी एका गटाने त्याच वर्षी तरुण माणसांना चालता चालता मुद्दाम ठेच लागेल अशी सोय केली. (पडू नये म्हणून त्यांना वरून बांधलेलं असतं, घाबरू नका.) ठेच लागली की आपण हात पुढे टाकतो, तो नुसता जमिनीला टेकायला, असं मला वाटायचं. पण हात त्याआधी आणखी एक काम करून जातात. ते धडाला अशा दिशेने वळू देतात, की अडखळलेल्या पायाकडची कंबर पुढे येते आणि सावरणारं पाऊल लांब पडतं. ते पाऊल लांब पडणं म्हणजेच न पडणं. आणि हे सगळं विचार करायच्या आत होतं. माझ्या हातांकडे त्या अर्ध्या सेकंदात दुसरंच काम होतं, मोबाईल वाचवायचं.

मोबाईलचा विषय निघालाच आहे, तर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २६ जणांना नुसतं चालायला, मोबाईलवर वाचत चालायला आणि मेसेज टाइप करत चालायला सांगितलं. टाइप करणारे हळू चालले, सरळ रेषेत चालू शकले नाहीत आणि त्यांची मान जवळजवळ धडाला जखडल्यासारखी झाली. हे सपाट जमिनीवर. आपल्याकडे ट्रेकला आलेली मंडळी हे पेबच्या किल्ल्यावर, सोंडाईवर आणि खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या वाटेवर करतात. मीही करत होते, म्हणून बोलते आहे. दर पावसाळ्यात आपल्या तालुक्यांतल्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, आम्ही स्थानिक पोरं त्यावर चिडतो, आणि मग अशी एखादी रील करतो.

तर, त्या मावशी.

पट्टी गळ्यात असताना मी घराजवळून जाणारी माणसं नुसती बघत बसायचे. कर्जतच्या बाजारात वाड्या-पाड्यांवरून ठाकूर-कातकरी बायका भाजी घेऊन येतात. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, करटोली. त्यांच्याकडे हातात धरलेलं काहीच नसतं. पाटी डोक्यावर, चुंबळीत बसवलेली. पोर पाठीशी झोळीत. पैसे कनवटीला. पुरुषांचा कोयता हातात नसतो, तो कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवलेला असतो. ओढा ओलांडताना, झाडावर चढताना, निसरड्या बांधावरून जाताना हात मोकळेच. आणि जुन्या फोटोंत दिसणारं ते इरलं! बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यापासून पाठीवर येणारं. भात लावताना दोन्ही हात चिखलात हवेत आणि पाऊस तर थांबायचा नाही, मग छत्री धरायची कुणी? इरलं हे उत्तर होतं. हल्ली त्याची जागा प्लास्टिकच्या खोळीने घेतली आहे, पण तत्त्व तेच. छत्री या भागात बाजारात जायची वस्तू आहे, डोंगरात न्यायची नाही. हे मला, जन्माने कर्जतच्या मुलीला, कुणीतरी वाटेत सांगावं लागलं.

डोक्यावरच्या ओझ्यावरही संशोधन आहे. १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा अभ्यास आला. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जादा ऊर्जा खर्च न करता नेत होत्या. पुढे २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये नेपाळी हमालांवर असाच अभ्यास झाला. ते कपाळावरच्या पट्ट्याने प्रचंड वजन नेतात आणि तेही पाठीवर सॅक घेतलेल्या माणसापेक्षा कमी खर्चात. पुढच्या काही अभ्यासांत सगळ्यांना असा फायदा मिळतोच असं दिसलं नाही, सवयीचा आणि माणसागणिक फरक पडतो. पण एक गोष्ट कुठल्याही आकड्याशिवाय दिसते. डोक्यावर हंडा असलेल्या बाईचं डोकं वर-खाली, इकडे-तिकडे होत नाही. होऊन चालतच नाही. ओझं जरा सैल असेल तर एक हात वर, आणि दुसरा हात मात्र लयीत हलत असतो. तो कधीच थांबलेला दिसत नाही.

यात कौतुक करून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरते. उन्हाळ्यात आपल्या तालुक्यांतल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन उतार उतरतात, ते चालण्याची कला दाखवायला नाही. नळ तिथवर पोचलेला नाही म्हणून. त्यातल्या कुणालाही विचारा, मान आणि कंबर किती दुखते ते सांगतील.

वाट म्हटली की खालापूरच्या माणसाला इर्शाळवाडी आठवणारच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या त्या वाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता, होती ती पायवाट. अंधार, धो धो पाऊस आणि चिखल. अवजड यंत्रं वर नेता येईनात, कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. मदतीला गेलेली माणसं त्याच वाटेने चढली आणि उतरली. २७ मृतदेह सापडले, अनेक जण बेपत्ताच राहिले. स्ट्रेचर धरलेल्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात, ते तो सोडू शकत नाही. आपला पाय सटकला तर वाचायला हात नाहीत हे ठाऊक असून तो उतार उतरतो. तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही बातम्या बघत होतो, तोवर मी हा विचारच केलेला नव्हता. निदान टॉर्च हातात न धरता डोक्याला बांधायचा असतो, एवढं तरी मी त्यानंतर शिकले. छत्रीचं शिकायला अजून खांदा मोडायचा होता.

माथेरानची हातरिक्षा हे अडकलेल्या हातांचं आणखी एक उदाहरण, आपल्याच तालुक्यातलं. पुढचा माणूस दोन्ही हातांनी दांडा धरतो, मागून दोघं ढकलतात, आणि लाल मातीच्या चढावर तिघांचेही हात कधीच झुलत नाहीत. सगळा पीळ पायांनी आणि कमरेने सोसायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला, तो माणसाने माणसाला ओढणं हेच माणुसकीला धरून नाही म्हणून. चालण्याचं शास्त्र बघितलं, तरी त्या कामातून दुसरं काही निघत नाही.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

हात गळ्यात असतानाच्या काळात मी आणि आजोबा रोज संध्याकाळी उल्हास नदीच्या बाजूला फिरायला जायचो. आईने एकदा गॅलरीतून आमचा मागून फोटो काढला. माझा उजवा हात पट्टीत. आजोबांचा उजवा हात मोकळा, पण सरळ खाली लोंबणारा, कोपरात जरासा वाकलेला. डावा मात्र मस्त पुढे-मागे. आई म्हणाली, “काय जोडी आहे, दोघंही एका पंखाचे.” आम्ही फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी दिल्या.

सहा आठवड्यांनी माझी पट्टी सुटली. आठ-दहा दिवसांत माझा हात पुन्हा झुलायला लागला. आजोबांचा तसाच.

तोपर्यंत मी वाचलेलं होतं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मजेशीर वाटणारा लेख आला होता. युरोपातल्या काही मेंदूतज्ज्ञांनी यूट्यूबवर व्लादिमीर पुतिन यांचे व्हिडिओ बघितले. पुतिन यांचा डावा हात चालताना हलतो, उजवा जवळजवळ नाही. आधी आजाराची शंका आली. मग रशियातल्या इतर काही नेत्यांमध्येही तेच दिसलं, आणि केजीबीच्या प्रशिक्षण पुस्तिकेत उजव्या हातात शस्त्र छातीजवळ धरून डाव्या अंगाने पुढे सरकायच्या सूचना सापडल्या. तेव्हा ही सवय असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पिस्तूलवाल्याची चाल! मला ती बातमी आधीपासून माहीत होती, जोक म्हणून. पण त्या डॉक्टरांना मुळात शंका का आली? कारण चालताना एकाच बाजूचा हात कमी हलणं हे कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. हात थरथरायला लागण्याच्याही आधीचं.

आजोबा केजीबीत नव्हते.

लगेच घाबरायचं कारण नव्हतं, हेही सांगते. खांदा आखडला असला, जुनी दुखापत असली, तरी हात हलत नाही. माझाच नव्हता हलत. आजोबा स्वतः तर ‘वय झालं गं’ यापुढे जायला तयार नव्हते. घरात कुणी उघड बोलेना. शेवटी मी तो फोटो आणि माझा पट्टीनंतरचा एक व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून बाबांना दाखवला. मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आजोबांना कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायला सांगितलं, बोटं आपटून बघितली, कोपर हलवून बघितलं, मग बाबांना आत बोलावलं. कंपवात. सुरुवातीचा. “लवकर आलात,” असं ते म्हणाले. मला रडू आलं, आणि त्याच वेळी वाटलं, माझा खांदा मोडला नसता तर आम्ही अजून वर्षभर त्या फोटोला हसत बसलो असतो.

एक गोष्ट तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून कळली. आपले हात नुसते लंबक नाहीत. जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की चालणाऱ्या माणसाचे हात बांधून ठेवले तरी खांद्याचे काही स्नायू पावलांच्या तालात काम करतच राहतात. हात आणि पाय यांची मज्जारज्जूत जोडणी आहे, आपण चार पायांवर चालत होतो तेव्हापासूनची म्हणा हवं तर. कंपवातात हा आपोआप चालणारा ताल क्षीण होतो. मग तो जाणूनबुजून लावावा लागतो. मोठी पावलं, मोठे हात, मोजून.

त्यामुळे आता आमची संध्याकाळची फेरी बदलली आहे. आजोबा पुढे, मी मागे, परेडसारखं मोठ्याने ‘डावा-उजवा, डावा-उजवा’. नदीकडच्या रस्त्यावरची माणसं पहिल्या आठवड्यात बघायची, आता बघत नाहीत. आजोबांच्या पिशव्या मी घेतल्या आहेत. मोबाईल सॅकमध्ये, तोही बंद पिशवीत घालून. पावसात छत्रीऐवजी पोंचो, तो आजोबांना आवडत नाही, ‘हे काय घातलंय बुजगावण्यासारखं’ म्हणतात. काठी घ्या म्हटलं तर डाव्या हातात घेतात. फिजिओने तसं शिकवलंय, उजवा हलायला मोकळा राहिला पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा आंबिवलीला गेले, एकटीच नाही, पण या वेळी हातात काही न घेता. झुडपात माझी छत्री शोधली, नव्हती. पेठच्या वाटेवर त्या मावशी भेटतील असं उगाच वाटत होतं, भेटल्या नाहीत. उतरताना एका ठिकाणी पाय सटकलाच, घसाऱ्यावर. दोन्ही हात आपोआप हवेत गेले, पंख्यासारखे, आणि मी उभी होते. बरोबरच्या मित्राने नेमकं तेच शूट केलं. मी तो व्हिडिओ आजोबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, “बँकर लागले वाटतं?”